आम्ही वाईचे

आत्याच्या बाराव्याला वाईहून एक गृहस्थ आले होते. ऐंशीच्या पुढचे असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ढगळ पँट, एका हातात छत्री (डिसेंबरात!) आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. दारात चपला काढल्या, वाकून भिंतीशी नीट जोडीने लावल्या आणि आत येऊन आत्याच्या फोटोसमोर उभे राहिले. फोटो आम्ही घाईघाईत मोबाईलवरून मोठा करून आणला होता, त्यामुळे आत्याचे गाल चौकटी-चौकटींचे दिसत होते, आणि मला उगाचच त्या माणसासमोर त्याची लाज वाटली. माझा चुलतभाऊ किती पानं वाढायची या हिशोबात होता, त्याने जाता जाता विचारलं, "आपण कोण?" प्रश्नात वाईट काही नव्हतं, आलेल्या प्रत्येकाला तो हेच विचारत होता. पण ते गृहस्थ उत्तर द्यायला तोंड उघडून तसेच राहिले. दोन-तीन सेकंद. मग म्हणाले, "आम्ही... वाईचे."

भाऊ "अच्छा अच्छा, बसा ना" म्हणून पंगतीकडे गेला. आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्यांना बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, "या भाऊजी." भाऊजी! आईला सख्खे दोन दीर, चुलत चार, त्यात हे कुठेच बसत नाहीत. ते बसले असते, जर १९६८ साली आत्याचं ठरलेलं लग्न झालं असतं तर. साखरपुडा झाला होता, भांड्यांवर नावं घालून झाली होती, आणि मुलगा नोकरीच्या गावी विषमज्वराने गेला. हे त्याचे धाकटे भाऊ. म्हणजे आत्याचे कोण? दीर म्हणावं तर लग्न नाही, आणि कोणीच नाही म्हणावं तर पन्नासहून जास्त वर्षं दर दिवाळीला वाईहून डबा यायचा आणि इकडून वाईला जायचा. आमच्या भाषेत साडू आहे, व्याही आहे, जाऊ आहे, नणंदेच्या नवऱ्यालाही वेगळा शब्द आहे. यांना नाही. म्हणून तो माणूस दोन-तीन सेकंद शोधत राहिला आणि शेवटी गावाचं नाव सांगून मोकळा झाला.

ते दोन-तीन सेकंद मी विमानात बरोबर घेऊन आले.

मी इंग्लंडमध्ये रीडिंगला राहते, अकरा वर्षं झाली. जानेवारीत परत आल्यावर इथे चार वाजता अंधार, झोप उलटीपालटी झालेली, तर रात्री तीनला काहीतरी ओळखीचं वाचावं म्हणून जेन ऑस्टिनची पत्रं काढली. कादंबऱ्यांपेक्षा मला तिची पत्रं आवडतात, खरं सांगायचं तर. टोपी कितीला घेतली, कोण जाडी झाली, कोणाचा बॉलडान्स फसला, असलं सगळं, आणि मधेच एखादी अशी सुई की वाचणारा कळवळावा. तिचं आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं पत्र ९ जानेवारी १७९६ चं आहे, बहिणीला, कॅसँड्राला, तिच्या तेविसाव्या वाढदिवसाला लिहिलेलं. हे पत्र प्रसिद्ध आहे ते टॉम लेफ्रॉयमुळे, तो आयरिश पोरगा ज्याच्याशी जेन नाचली आणि ज्याच्यावर पुढे सिनेमा निघाला. मीही आधी दहा वेळा त्याच्यासाठीच वाचलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा डोळा पडला तो पत्त्यावर. कॅसँड्रा घरी नव्हतीच. ती होती किंटबरीला, रेव्हरंड फाऊल यांच्या घरी.

म्हणजे होणाऱ्या सासरी.

किंटबरी माझ्या इथून लोकल ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. बेडविनला जाणारी गाडी, न्यूबरीच्या पुढचं स्टेशन. त्या गावाच्या पाटीसमोरून मी किती वेळा गेले असेन आणि एकदाही उतरले नव्हते.

तर फाऊल म्हणजे किंटबरीचे पाद्री. पिढीजात. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्या त्याच एका चर्चचे व्हिकर, आपल्याकडे एखाद्या देवळाची पूजा एकाच घरात चालत यावी तसं. जेनचे वडीलही पाद्रीच, हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टनला, आणि पगारात भागत नाही म्हणून घरात मुलं ठेवून शिकवायचे. मुलांच्या फीवर घर चाले आणि घरात मुलं राहिली की व्हायचं ते होई. फाऊल घरचे मुलगे तिथे शिकायला राहिले. थोरला फुलवर आणि त्याच्या मागचा टॉम (हा वेगळा टॉम, लेफ्रॉय नव्हे; कॅसँड्राचं पुढे ठरलं ते याच्याशी). टॉम आला तेव्हा १७७९ साल, तो चौदाच्या आसपास, कॅसँड्रा सहा वर्षांची आणि जेन तर तीन-चार. ऑस्टिनांचा थोरला जेम्स, फुलवर आणि टॉम एका टेबलावर जेवणारे, एकत्र लॅटिन घोकणारे, सुट्टीत घरातच नाटकं बसवणारे. टॉमने कॅसँड्राला फ्रॉकमध्ये पळताना बघितलेलं. पुढे तो ऑक्सफर्डला गेला, पाद्री झाला, येत-जात राहिला. १७९२ च्या डिसेंबरमध्ये ऑस्टिन मुलींच्या मामे- की मावसबहिणीचं (मावस, मावस, तिची आई आणि यांची आई बहिणी) लग्न स्टीव्हन्टनच्या चर्चमध्ये लागलं ते टॉमनेच लावलं, आणि साक्षीदार म्हणून सह्या केल्या कॅसँड्रा आणि जेनने. मला हे दृश्य फार आवडतं. थंडगार दगडी चर्च, समोर दुसऱ्याच कुणाचं लग्न, आणि लग्न लावणारा आणि सही करणारी एकमेकांकडे बघत नाहीत असं दाखवत असणार.

आता इथे तिसरं घर येतं, लॉइड. माझी आई या गोष्टीत इथेच अडकली. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला हे सगळं सांगत होते, ती भाजी निवडता निवडता ऐकत होती. म्हटलं, फाऊलबाई आणि लॉइडबाई या सख्ख्या बहिणी, माहेरच्या क्रेव्हन. त्यांची आई इतकी दुष्ट होती म्हणतात की पोरी घर सोडून पळाल्या आणि मिळेल त्या साध्या माणसाशी लग्नं केली. लॉइडबाईंना तीन मुली, मार्था, एलायझा आणि मेरी. देवी येऊन गेल्या होत्या घरात, एकुलता भाऊ त्यातच गेला, मार्था आणि मेरीच्या तोंडावर वण राहिले. तर मधल्या एलायझाचं लग्न फुलवर फाऊलशी झालं. आई निवडायची थांबली. "म्हणजे मावसभावाशी?" हो. "सख्ख्या मावसभावाशी?" हो ग. आई काही बोलली नाही, पण चेहरा बघण्यासारखा होता. मामेभाऊ चालला असता, आतेभावाशी तर आमच्याच घरात दोन लग्नं झालीयत, पण मावसभाऊ म्हणजे भाऊच की हो. धाकट्या मेरीचं लग्न जेनच्या भावाशी, जेम्सशी झालं, तो बिजवर होता. म्हणजे बालमित्र असलेले फुलवर आणि जेम्स आता साडू. आणि टॉमचं नि कॅसँड्राचं लग्न झालं असतं तर एलायझा कॅसँड्राची जाऊ, आणि एलायझाची बहीण मेरी तिची भावजय. आईने लगेच निकाल दिला, "एक बहीण सासरी, एक माहेरी. म्हणजे चहाड्या पोचायला वेळ नाही."

राहिली मार्था. तिची गंमत अशी की ती कुणाचीच कोणी नसताना ऑस्टिनांच्या घरात राहायला आली. तिची आई १८०५ मध्ये वारली, त्याच वर्षी ऑस्टिनांचे वडील वारले होते, मग या बायकांनी एकत्र संसार थाटला, आई, दोन मुली आणि मार्था. घरातल्या पाककृतींची वही मार्थाची. आणि १८२८ मध्ये, जेन जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, जेनच्या आरमारातल्या भावाने, फ्रँकने, विधुर झाल्यावर मार्थाशी लग्न केलं. तेव्हा नवरीचं वय बासष्ट! म्हणजे इतकी वर्षं घरात वावरलेल्या बाईला नात्याचं नाव मिळालं ते बासष्टाव्या वर्षी. आईला हे फार आवडलं. "बघ, तिला तरी मिळालं," म्हणाली. "तरी" म्हणताना ती कोणाबद्दल बोलत होती ते आम्हा दोघींना कळलं आणि मग तिने विषय बदलून कोथिंबिरीचा भाव सांगितला.

टॉम आणि कॅसँड्राचं ठरलं होतं पण लग्न लांबत होतं, कारण तेच, पैसे. पाद्र्याची जागा म्हणजे त्या काळी जवळजवळ वतनच, आणि ते वतन कोणाला द्यायचं हे जमीनदार ठरवणार. टॉमकडे विल्टशरमधलं एक छोटं चर्च होतं, त्यात दोघांचं भागलं नसतं. त्याचा नातेवाईक आणि आश्रयदाता होता लॉर्ड क्रेव्हन, आईच्या माहेरचा. त्याच्या हातात श्रॉपशरकडची एक चांगली जागा होती, ती रिकामी झाली की टॉमला मिळायची होती. आता हा लॉर्ड सैन्य घेऊन वेस्ट इंडीजला निघाला, फ्रेंचांशी लढाई चालू होती, आणि टॉमला म्हणाला, चल माझ्याबरोबर, पलटणीचा पाद्री म्हणून. नाही कसं म्हणणार? ज्याच्या हातून जागा मिळायची त्याला नाही म्हणून कोणी सांगतं का. आणि टॉमने त्याला हेही सांगितलं नाही की माझं लग्न ठरलंय. सांगितलं असतं तर तगादा लावल्यासारखं दिसलं असतं, म्हणून असेल. आपल्याकडे लग्न ठरलं की तासाभरात पेढे वाटून होतात आणि इथे हा माणूस समोरच्याला संकोच वाटू नये म्हणून गप्प बसला.

तर ९ जानेवारी १७९६ च्या त्या पत्रात हे सगळं आहे. जहाज अजून निघायचंय, टॉम निघण्याच्या गडबडीत, कॅसँड्रा त्याच्या आईवडिलांच्या घरी जाऊन राहिलेली. आणि इकडे घरून वीस वर्षांची धाकटी बहीण लिहिते की टॉमच्या जहाजाचं नाव काय विचित्र आहे, पण त्याला नावांच्या बाबतीत चव नाहीच, त्यानेच ठेवलं असेल बहुधा. होणाऱ्या मेहुण्याची थट्टा. आणि पत्राची सुरुवात काय, तर मला आशा आहे की तू अजून तेवीस वर्षं जगशील. हे मी रात्री तीनला वाचलं आणि पुस्तक उपडं ठेवलं. कॅसँड्रा पुढे एकोणपन्नास वर्षं जगली. टॉमकडे वर्षभरापेक्षा थोडेच दिवस जास्त उरले होते.

तो १७९७ च्या फेब्रुवारीत वेस्ट इंडीजमध्ये, सँटो डोमिंगोच्या बाजूला पीतज्वराने गेला आणि त्याला समुद्रातच सोडलं. बातमीला यायला दोन-तीन महिने लागले. आता तारखा बघा. जानेवारीत जेम्सचं मेरीशी लग्न झालेलं, घरात नवी सून. मे महिन्यात टॉम परत येणार म्हणून वाट बघणं चालू. आणि आली ती बातमी. म्हणजे वसंतातले ते आठवडे, फुलं बहरलेली, किंटबरीत त्याची आई त्याची खोली झाडून ठेवत असेल, स्टीव्हन्टनला कॅसँड्रा कपडे शिवत असेल, आणि तो फेब्रुवारीतच गेलेला. मला हा भाग सहन होत नाही. आमच्या घरी १९६८ साली तार आली होती. तारेला एक दिवस लागला होता आणि आजी म्हणायची की तो एक दिवस आम्ही हसत होतो, मी तर त्या दिवशी करंज्या शिकवत होते हिला.

कॅसँड्राच्या एका आतेबहिणीने मेच्या सुरुवातीला पत्रात लिहिलंय की जेन सांगते, कॅसँड्रा इतक्या धीराने आणि नेमस्तपणे वागतेय की सामान्य मनाला ते जमणार नाही. नेमस्तपणे. या शब्दावर मी बराच वेळ अडकले. लोकांनी आत्याबद्दलही हेच म्हटलं होतं, "किती समजूतदार". चोवीस वर्षांच्या मुलीचं कौतुक करायला काय शब्द शोधलाय. आणि जेनची स्वतःची त्या काळातली पत्रं? १७९६ च्या सप्टेंबरनंतर एकदम १७९८ चा एप्रिल. मधलं काही नाही. कॅसँड्राने म्हातारपणी, जायच्या दोन-तीन वर्षं आधी, बहिणीची बहुतेक पत्रं जाळली, आज जेमतेम एकशेसाठ उरलीत. अभ्यासक त्याबद्दल तिच्यावर अजून चिडतात, काय काय गेलं असेल म्हणून. मीही चिडायचे. आता मला वाटतं, त्या दीड वर्षातलं एक पत्र जरी उरलं असतं तरी आज कोणीतरी त्याच्यावर वेबसिरीज काढून त्यात कॅसँड्राला पावसात पळवलं असतं.

आणि तो लॉर्ड क्रेव्हन. तो परत आला, व्यवस्थित. म्हणाला, लग्न ठरलंय हे मला माहीत असतं तर मी त्याला नेलंच नसतं. खरंच म्हणाला असेल, बिचाऱ्याला वाईटही वाटलं असेल. पण १८०१ च्या जानेवारीतलं जेनचं एक पत्र आहे. त्यात लिहिते की एलायझाला लॉर्ड क्रेव्हन भेटला, आता किंटबरीलाही एक दिवस जाणार आहे, तिला त्याची वागणूक अगदी छान वाटली, फक्त एकच किरकोळ दोष आहे, तो म्हणजे त्याने घरात एक बाई ठेवलीय. हे वाक्य ऑस्टिनच्या विनोदाचा नमुना म्हणून सगळीकडे सांगतात. मी तर आता त्यात दुसरंच ऐकते. हा माणूस किंटबरीला जातो. ज्या घरचा मुलगा याच्याबरोबर जाऊन मेला त्या घरी जेवायला बसतो, एलायझा पुढ्यात ताटली ठेवते, छान वागतो हो म्हणते. जेनला दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून ती बाईवरून टोमणा मारते. त्याच सुमाराला त्याच्याबरोबर राहिलेल्या एका गणिकेने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात ती सांगते की हा रात्री उंची कागदावर नारळाची की कोकोची झाडं काढून दाखवायचा, इथे शत्रू होता, इथे माझी माणसं, इथे झाडं, आणि ती जांभया द्यायची. त्या झाडांच्या पलीकडच्या पाण्यात टॉम होता, त्याचं चित्र काही त्याने काढलं नसणार.

टॉमने मात्र निघण्याआधी मृत्युपत्र करून ठेवलं होतं. कॅसँड्राला हजार पाउंड. लग्न न झालेल्या मुलीला. किंटबरीच्या माणसांनी त्यावर तोंड वाकडं केल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही. आणि या हजाराचं पुढे काय झालं ते बघा. १८०५ मध्ये वडील गेले, पाद्र्याची जागा गेली, घर तर आधीच गेलेलं. आईचं जे काही होतं ते आणि कॅसँड्राच्या या हजारावरचं व्याज, मिळून वर्षाला दोनशे दहा पाउंड. जेनकडे स्वतःचं काहीच नव्हतं. बाकीचं भावांनी वर्गणी काढून दिलं. म्हणजे चॉटनच्या ज्या घरात, करकरणाऱ्या दाराच्या आड, त्या कादंबऱ्या पुऱ्या झाल्या, त्या घरातल्या चहा-साखरेत, मेणबत्त्यांत, लिहायच्या कागदात टॉम फाऊलचा वाटा होता. साहित्याच्या इतिहासात त्याचं नाव तळटीपेत येतं. आत्याला काही पैसे-बिसे मिळाले नव्हते. तिला भांडी मिळाली.

शेवटी फेब्रुवारीत एका शनिवारी मी किंटबरीला उतरले. मी आणि एक कुत्रा आणि त्याचा मालक, एवढेच उतरलो. स्टेशनला लागून रेल्वे फाटक, फाटकाला लागून कालवा, कालव्यावर लॉक, शेजारी पब. पाणी चहाच्या रंगाचं आणि वास ओल्या पालापाचोळ्याचा, थोडासा कृष्णेच्या घाटावर पाणी उतरल्यावर येतो तसा, पण थंडीने गोठवलेला. हा कालवा न्यूबरीहून किंटबरीपर्यंत सुरू झाला तो १७९७ च्या जूनमध्ये. म्हणजे टॉमची बातमी येऊन महिना-दीड महिना झाला होता. पहिली बोट आली तेव्हा वाजंत्री होती म्हणे, गाव काठावर लोटलं असणार, आणि व्हिकरचं घर तर कालव्याच्या जवळच. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या असतील का? की व्हिकर म्हणून वडिलांना तिथे उभं राहावं लागलं असेल? ते घरही आता नाही, जेनला माहीत असलेलं, ते पाडून नंतर दुसरं बांधलं. चर्च आहे. सेंट मेरी. आवारात फाऊल मंडळी आहेत, गवतात, शेवाळलेल्या दगडांखाली. अक्षरं बोटाने चाचपडावी लागतात. पावसाने माझा मोजा ओला झाला होता आणि मला टॉमचा दगड शोधायची सवय सुटत नव्हती, माहीत असूनही.

फुलवरबद्दल सांगायचं राहिलं. तो १७९८ मध्ये वडिलांच्या जागी व्हिकर झाला आणि १८४० मध्ये मरेपर्यंत राहिला. तापट होता म्हणतात. जेन आपल्या पुस्तकांवर ओळखीच्या लोकांची मतं लिहून ठेवायची, त्यात 'एमा' बद्दल एक नोंद आहे, मिस्टर फाऊल यांनी फक्त पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं, कारण पुस्तक रंजक नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं! मला हे वाचून हसू आवरेना. प्रत्येक घरात असा एक काका असतो. घरच्या मुलीचं नाव पेपरात आलं तरी "कुठल्या पानावर?" विचारणारा. तर असा हा माणूस. १८३० साली इथल्या शेतमजुरांनी पोटाला मिळेना म्हणून मळणीयंत्रं फोडली. किंटबरीचा विल्यम विंटरबोर्न त्यात पुढे होता. बर्कशरमध्ये तिघांची फाशी नक्की झाली होती, दोघांची रद्द झाली, याची नाही झाली. ११ जानेवारी १८३१ ला रीडिंगच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं आणि फुलवर फाऊलने त्याचं शव किंटबरीला आणवलं आणि आपल्या चर्चच्या आवारात पुरलं. रीडिंगहून इथवर, जानेवारीत, गाडीतून. का आणवलं असेल? पाद्री म्हणून, माणुसकी म्हणून, गावचा माणूस म्हणून, काहीही असेल. मी त्या आवारात उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं की या माणसाचा भाऊ आणता आला नव्हता.

आणि कॅसँड्रा किंटबरीला येत राहिली. हे मला महत्त्वाचं वाटतं. तिने ते गाव टाकलं नाही आणि त्यांनी तिला टाकलं नाही. १८१६ च्या उन्हाळ्यात जेनची तब्येत बिघडायला लागली होती, दोघी बहिणी चेल्टनमला औषधाच्या पाण्यासाठी गेल्या होत्या, त्या फेरीत किंटबरीलाही राहिल्या. फुलवरच्या मुलीने नंतर सांगितलं की जेनआत्या सगळ्या जुन्या जागांवरून फिरत होती, जुन्या आठवणी काढत होती, अशा पद्धतीने की जणू तिला हे पुन्हा बघायला मिळेल असं वाटत नव्हतं. पुढच्या जुलैत ती गेली. ती मुलगी जेनबद्दल बोलतेय, सगळे जेनबद्दलच बोलतात. पण तिच्याबरोबर कॅसँड्राही फिरत होती ना. एकोणीस वर्षं होऊन गेली होती. फुलवरची पोरं तिला काय हाक मारत असतील? इंग्रजीचं एक बरं आहे, बाहेरची असली तरी "आँट" म्हणून भागतं. पण तिसऱ्या कुणाला ओळख करून देताना? "या मिस ऑस्टिन, आमच्या..." आणि मग? मला खात्री आहे की तिथे दोन-तीन सेकंद गेले असतील. पत्रांत तर हे लोक माणसांऐवजी सरळ गावाचं नावच लिहितात. किंटबरीहून अमुक आलं, किंटबरीला तमुक गेलं. वाईहून डबा आला का? आला. वाईचं कसं आहे? बरं आहे.

परतीची गाडी चुकली. तासाभराने पुढची होती. पबमध्ये शेकोटीपाशी मोजा वाळवत बसले आणि आईला फोन लावला, तिकडे रात्रीचे नऊ वाजत आले होते.

म्हटलं, त्या दिवशी वाईच्या काकांच्या पिशवीत काय होतं ग?

डबा होता, म्हणाली. आपलाच. दिवाळीला आत्याने चिवडा पाठवलेला तो. आत्या हॉस्पिटलात असताना त्यांच्याकडे राहून गेला होता. तो परत द्यायला आले होते. आणि तुला सांगितलं नाही का, त्यांचा एक डबा इथे होता, पितळी झाकणाचा, आत्याच्या कपाटात वरच्या फळीवर. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, १९६८, सौ. आणि पुढे आत्याचं नाव, त्यांचं आडनाव. मी तो पुढे केला. म्हटलं, हा तुमचा. त्यांनी चष्मा काढून वाचलं. वाचून म्हणाले, हा इथलाच. मी म्हटलं, भाऊजी, नाव तुमच्याकडचं आहे. तर म्हणाले, हो, पण...

मग?

मग काय, दोघांचे दोन डबे मधे ठेवून बसलो होतो आम्ही. शेवटी तो मोठा त्यांना दिला. पण रिकामा कसा द्यायचा, आणि बाराव्याच्या दिवशी गोडाचं घालून कसं द्यायचं, मला काही सुचेना. साखर घातली. मूठभर. बस हलेपर्यंत तुझा भाऊ थांबला होता स्टँडवर, तो म्हणत होता, काकांनी पिशवीत नाही ठेवला डबा, मांडीवर घेऊन बसले होते.